आधी ते कुलूप परत कर

काल रात्री तू फोनवर रडत होतीस आणि मी नुसती 'हो, हो' करत राहिले. घरात पाहुणे होते, धड बोलताही येईना. आज सगळं आवरून ओसरीवर बसले आहे. समोर धान वाळत घातलंय, चिमण्या हाकलता हाकलता तुला हे लिहिते. निवांत वाच. पण त्याआधी एक काम कर. जवाईबापूंनी हार्डवेअरच्या दुकानातून जे मोठं कुलूप आणून ठेवलंय ना, ते दुकानात परत देऊन ये.

तुझं दुखणं खोटं नाही. फ्लॅट कर्ज काढून घेतलेला, हप्ता चालू, चोवीस महिन्यांचा करार संपून तीन महिने झाले आणि किरायेदार म्हणतो, "बघतो ना ताई, घर शोधून राहिलो." अशा वेळी डोकं फिरतं. 'ते लग्नाला गेले की कुलूप ठोकतो', 'मीटरच काढून टाकतो', हे जवाईबापूंच्या तोंडून निघालं, त्यातही मला नवल वाटलं नाही. कारण मी हे सगळं करून बसले आहे.

तू तेव्हा हॉस्टेलवर होतीस, तुला अर्धवटच माहीत आहे. इथल्या लाखांदूरच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या बाबांनी एका कुटुंबाला दिल्या होत्या. कागद नाही, पावती नाही, नुसत्या ओळखीवर. सात महिन्यांचा किराया थकला. बाबा भिडस्त, मागायचेच नाहीत. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रांचे दिवस होते. ते लोक सासुरवाडीच्या गावी मंडईला आणि रात्रीच्या नाटकाला गेले, आणि मी नि काकांनी रात्री नऊ वाजता दाराला आमचं कुलूप लावलं. काय बहादुरी वाटली होती मला! रात्री झोपही छान लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते परतले. ती बाई दारासमोर पोराचा हात धरून उभी. भांडली नाही, रडली नाही. कुलुपाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ताई, निदान याचं दप्तर काढून द्या. उद्यापासून शाळा आहे." माझ्या हातात किल्ली होती आणि माझ्याच्याने ते दार उघडलं गेलं नाही, कारण काका मागे उभे होते. संध्याकाळी आम्ही ठाण्यात होतो. तिथे एकच प्रश्न विचारला गेला: "किराया बाकी आहे, मान्य. कुलूप कोणाच्या हुकुमाने लावलं?" उत्तर नव्हतं. चार लोकांसमोर मीच जाऊन कुलूप काढलं. दप्तर दाराच्या मागेच खुंटीला लटकत होतं.

आणि गंमत बघ. त्या दिवसानंतर सात महिन्यांच्या किरायाची गोष्ट काढायला तोंडच उरलं नाही. तोवर चूक त्यांची होती, एका रात्रीत ती आमची झाली.

पुढे बाबांच्या वकिलांनी समजावलं. मालकी एक गोष्ट आणि कब्जा दुसरी. घर तुझ्या नावावर असेल, घरटॅक्स तू भरत असशील, तरी तू आपल्या हाताने ज्याला आत बसवलंस त्याचा कब्जा हिसकावून घ्यायचा अधिकार तुला नाही. कायद्याची वाट सोडून बाहेर काढलं, तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम ६ त्याच्या बाजूने उभं राहतं. सहा महिन्यांच्या आत त्याने दावा टाकायचा आणि कब्जा परत मागायचा. त्या दाव्यात मालक कोण हा मुद्दा कोर्ट बघतच नाही. बघतं एवढंच, की कब्जा कोणाचा होता आणि कसा गेला.

मीटरचंही तसंच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ मध्ये वीज, पाणी, जिन्यातला दिवा, लिफ्ट, साफसफाई या सगळ्याला अत्यावश्यक सेवा म्हटलंय. घरमालकाने त्या तोडल्या तर किरायेदार सरळ कोर्टात जातो, सेवा चालू करायचा हुकूम आणतो, आणि हुकूम मोडला तर रोजचा दंड. शिवाय गुन्हा वेगळा, तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. मीटर तुझ्या नावावर आहे म्हणून महावितरणकडे 'कनेक्शन बंद करा' असा अर्ज देण्याची युक्ती जवाईबापूंना कोणी शिकवली असेल, तर त्या शिकवणाऱ्याला म्हणावं, मग ठाण्यातही तूच चल.

आता तुझ्या कागदाकडे येऊ. इथेच तुझं नशीब चांगलं आहे आणि ते तुला माहीतच नाही!

तू नागपुरात जो करार केलास तो 'लीव्ह अँड लायसन्स'चा, दुय्यम निबंधकाकडे रीतसर नोंदवलेला. त्या वेळी तू कुरकुरली होतीस, की शेजारणीने नोटरीवर भागवलं, मला काहून हा खर्च? त्याच खर्चाने आज तुला वाचवलं. या कागदाने तू त्याला भाडेकरू केलेलंच नाहीस. ठरलेल्या मुदतीपुरती राहायची परवानगी दिलीस. मुदत संपली, परवानगी संपली. तुला घर कशाला हवं, विकायचं आहे की रिकामं ठेवायचं आहे, हे कोणी विचारू शकत नाही. भाडेकरूला काढायचं असेल तर कायदा तुझ्याकडे कारण मागतो. परवानगीवाल्याला काढायला तारीख पुरते. सगळी मेख या एका फरकात आहे, आणि लोक नेमकी तीच गोष्ट अकरा महिन्यांच्या छापील फॉर्मवर न वाचता सही करून मोकळे होतात.

मुदत संपूनही तो राहिला, तर त्याच भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४ आहे. त्या कलमाखालचा अर्ज दिवाणी कोर्टात जात नाही, या कामासाठी नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो. लेखी करारात जे लिहिलंय ते तिथे निर्णायक पुरावा मानतात. म्हणजे 'तोंडी असं ठरलं होतं, तसं ठरलं होतं' ही भाषा चालत नाही. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत त्याने शपथपत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागायची. मागितली नाही किंवा नाकारली गेली, तर घर खाली करण्याचा हुकूम होतो. त्यावर अपील नाही, नव्वद दिवसांत फेरतपासणीचा अर्ज तेवढा करता येतो. आणि मुदत संपल्यापासून बाहेर निघेपर्यंत त्याला दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. तुझा किराया बारा हजार ना? मग त्याच्या डोक्यावर महिन्याला चोवीस हजार चढून राहिले. हे त्याला बहुतेक माहीत नाही. वकिलाच्या नोटिशीत हा आकडा नीट लिहिलेला असला, की 'बघतो, बघतो' करणारे खरंच घर बघायला लागतात.

तारखा तिथेही पडतात, मी तुला खोटी आशा दाखवत नाही. साहेब बदलतात, समन्स परत येतं, 'इसम घरी मिळून आला नाही' असा शेरा येतो. पण ज्या कोर्टकचेरीला तू घाबरतेस त्या मानाने ही वाट आखूड.

मधल्या काळात त्याने मोबाइलवरून पैसे टाकले तर परत करू नकोस. मात्र दर वेळी मेसेज कर, की हे पैसे मुदत संपल्यानंतरच्या वापराच्या भरपाईपोटी घेतले, करार वाढवलेला नाही. रागाच्या भरात काहीही लिहू नकोस. काल तू मला जे वाचून दाखवलंस, 'सामान रस्त्यावर फेकून देईन' वगैरे, ते त्याने जपून ठेवलं असणार. त्याच्याही घरात शहाणी माणसं असतात वं.

आणि तुझी ती नोटरीवाली शेजारीण? तिला हळूच सांग. कलम ५५ म्हणतं की भाड्याचा असो की लायसन्सचा, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल किरायेदार जे सांगेल ते खरं धरायचं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. वर पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तिचा किरायेदार उद्या म्हणाला, 'हे लायसन्स नव्हतंच, मी महिनेवारीचा भाडेकरू आहे', तर ती नागपूरच्या महाल भागातल्या आपल्या मावशीच्या ओळीत जाऊन बसली समज.

मावशीचं तुला सांगायलाच हवं. महालात त्यांचा जुना वाडा, खालच्या मजल्यावर सासऱ्यांच्या वेळचे भाडेकरू. तेव्हा विदर्भात १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाडचा भाडे नियंत्रण आदेश होता. घरमालकाने आधी भाडे नियंत्रकाकडे जायचं, कारण पटवून परवानगी मिळवायची, मग नोटीस आणि मग दिवाणी दावा. म्हणजे दोन दोन लढाया. मुंबईकडे १९४७ चा कायदा निराळा, मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा निराळा. तिकडे मुंबईत तर किराये १९४० सालच्या आकड्यांवर गोठलेले, इतके की १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, हे आता अवाजवी झालंय. ३१ मार्च २००० पासून तिन्ही कायदे गेले आणि सगळ्या महाराष्ट्रासाठी एक आला. परवानगीची पायरी गेली, पण कारण दाखवण्याची गेली नाही.

मावशीला वाटायचं, घर विकायचं आहे हे काय कमी कारण झालं? तर ते कारणच नाही. जास्त किराया मिळतोय, हेही नाही. किराया तर वर्षाला चार टक्क्यांनीच वाढवता येतो. कलम १६ मध्ये कारणांची यादी आहे आणि त्यात बसलं तरच दार उघडतं. घराची नासधूस केली, लेखी संमती न घेता पक्कं बांधकाम केलं, शेजाऱ्यांना उपद्रव दिला, पोटभाडेकरू घुसवला, सहा महिने सलग घर वाजवी कारणाशिवाय बंद ठेवलं, अशी. पक्क्या बांधकामावरून मावशीने मोठ्या जोरात सांगितलं, की यांनी न विचारता स्वयंपाकघरात उभा ओटा बांधला. वकील हसले. कारण ओटा, लाकडी पार्टिशन, हवेसाठी पाडलेली खिडकी, असल्या गोष्टी पक्क्या बांधकामात धरायच्या नाहीत, असं कायद्यातच स्पष्ट लिहून ठेवलंय. कोणी तरी स्वयंपाक करणारं माणूस तो मसुदा लिहिताना जवळ बसलं असावं, असं मला उगीच वाटतं.

थकबाकीचंही सांगते, कारण त्यात लोक फार फसतात. 'तीन महिने थकवले की बाहेर', असं काही नाही. आधी लेखी मागणीची नोटीस, तिच्यानंतर नव्वद दिवस थांबायचं, मगच दावा. दाव्याचं समन्स मिळाल्यावर भाडेकरूला आणखी नव्वद दिवस. तेवढ्यात त्याने सगळी बाकी पंधरा टक्के सरळ व्याजाने कोर्टात भरली, दाव्याचा खर्च दिला आणि पुढेही नियमित भरत राहिला, तर त्या कारणावर हुकूमनामा होत नाही. समज सहा हजारांच्या खोलीचे पाच महिने थकले. तीस हजार आणि वर थोडं व्याज, एवढं भरलं की झाला तो मोकळा. मालकाला पैसे मिळतात, घर मिळत नाही.

शेवटी मावशीच्या हाताशी उरलं खरं कारण. मुलगा बदली होऊन नागपुरात परत येत होता, नातवंडं होती, वरचा मजला पुरत नव्हता. याला कोर्टाच्या भाषेत वाजवी आणि प्रामाणिक गरज म्हणतात. आपल्या गरजेचा न्याय मालकानेच करायचा, तुम्ही दोन खोल्यांत भागवा असं भाडेकरूने सांगायचं नाही, असं सर्वोच्च न्यायालय अनेकदा म्हणालंय. पण तेवढ्यावर संपत नाही. कोर्ट तराजू काढतं. घर दिल्याने भाडेकरूचे जास्त हाल, की न दिल्याने मालकाचे? त्याला दुसरीकडे जागा आहे का? वाटल्यास अर्ध्या भागाचाच कब्जा देतं. उलटतपासणीत मावशीला विचारलं, "तुमचा मुलगा खरंच राहायला येणार आहे की तुम्हाला बिल्डरला द्यायचं आहे?" मावशी खरं बोलल्या म्हणून टिकल्या. खोटं कारण सांगून घर मिळवलं आणि महिन्याभरात राहायला गेलं नाही, किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला किरायाने दिलं, तर जुना भाडेकरू कोर्टात येऊन कब्जा परत मागू शकतो. कलम १७. त्यामुळे 'मुलीच्या लग्नानंतर जावई इथे राहणार' असल्या गोष्टी रचणाऱ्यांपासून जरा दूरच राहा.

मावशीचा दावा नागपूरच्या लघुवाद न्यायालयात चालला. हुकूमनामा झाला, तीस दिवसांत समोरच्याने अपील केलं, तेही संपलं, मग दरखास्त, मग कब्जा वॉरंट आणि बेलिफ. बेलिफ आला त्या दिवशी मी तिथे होते. भाडेकरूची म्हातारी आई मावशींच्याच पायरीवर बसली होती, आणि मावशी आतून तिच्यासाठी चहा घेऊन आल्या. चाळीस वर्षं एकाच नळावर पाणी भरलेल्या दोघी. कोणीच कोणाकडे बघत नव्हतं.

आपल्या इथल्या घराचं तुझ्या डोक्यात असेल, कारण त्यात तुझाही हिस्सा आहे. सध्या पुढच्या खोल्या रिकाम्या आहेत आणि कागदाशिवाय मी त्या पुन्हा देणार नाही. हा भाडे नियंत्रण कायदा सरसकट प्रत्येक गावाला लागत नाही. त्याच्या अनुसूचीत शहरांची आणि गावांची नावं आहेत, सरकार अधिसूचना काढून नवी घालू शकतं. नागपूर तर त्यात आहेच. जिथे तो लागू नाही तिथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. महिनेवारी किराया असेल तर कलम १०६ खाली पंधरा दिवसांची लेखी नोटीस आणि मग दिवाणी न्यायाधीशांपुढे कब्जाचा दावा. कारणांची यादी तिथे नाही, पण कुलूप तिथेही चालत नाही. म्हणून कोणत्याही गावच्या घरासाठी वकिलाला पहिला प्रश्न हाच करायचा, की माझ्या गावाला कोणता कायदा? शेतीच्या कुळाचं प्रकरण आणखी वेगळं, ते यात कालवू नकोस. चुलबंद नदीकाठच्या बांधीवरून सुरू झालेली गोष्ट घराच्या किरायात आणून मिसळणारे सल्लागार आपल्याकडे पानटपरीवर पुष्कळ.

वकिलाच्या फीची काळजी करत होतीस. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे, त्याच्या कलम १२ खाली बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच त्यांचं कार्यालय असतं. फ्लॅट तुझ्या नावावर, अर्जदार तू. आधी तिथे जा. कमीपणा वाटून घेऊ नकोस.

आणि एक, जे वकील सांगणार नाही ते मी सांगते. त्या माणसाची मुलगी यंदा दहावीला आहे असं तूच म्हणालीस. परीक्षा मार्चमध्ये. तुला फ्लॅट विकायचा आहे एप्रिलनंतर. मग भांडण नेमकं कशाचं? नोटीस जरूर पाठव, अर्जही टाक, कारण शब्दावर थांबण्याचे दिवस गेले. पण त्याच वेळी त्याला सांग, की परीक्षा संपल्यावर अमुक तारखेला खाली करतो असं लिहून दे आणि आपण ती तडजोड प्राधिकाऱ्यापुढे दाखल करू. त्या बदल्यात तू दुपटीवर पाणी सोड, नेहमीचा किराया घे. साध्या वहीच्या पानावर सही घेऊन गप्प बसू नकोस, ते पान वाऱ्याने उडतं. तो मानला नाही तर अर्ज तुझा पुढे चालूच आहे.

इथल्या त्या कुटुंबाचं शेवटी असंच झालं होतं. कुलूप काढल्यावर महिनाभर कोणी बोलेना. मग बाबांनीच जाऊन म्हटलं, पोराची परीक्षा होऊ द्या, मग बघू. उन्हाळ्यात त्यांनी वडशाला खोली घेतली. सात महिन्यांपैकी चार महिन्यांचे पैसे दिले, बाकी बाबांनी मागितले नाहीत. जाताना ती बाई खोली झाडून, सारवून गेली. किल्ली बाबांच्या हातात दिली, माझ्या नाही.

तुझ्याकडे घर खाली होईल त्या दिवशी मी येते. मीटरच्या आकड्याचा फोटो काढू, भिंती, नळ बघू, ताब्याची पावती दोघांच्या सहीने करू, आणि डिपॉझिट त्याच वेळी मोजून हातात देऊ. 'नंतर देते' म्हणू नकोस, घरमालकही तिथेच चुकतात.

आज संध्याकाळपर्यंत कराराच्या सगळ्या पानांचे फोटो मला पाठव, नोंदणीचा शिक्का असलेलं पान आधी. आणि दुकानदार कुलूप परत घेत नसेल तर असू दे, जवाईबापूंना येताना घेऊन यायला सांग. आपल्या धानाच्या कोठीचं कडी-कुलूप यंदा पार गंजलंय.